आडवं धरलेलं वल्हं

बुधवार, ८ ऑक्टोबर

भिंगांच्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी. नऊ महिन्यांत हिच्यात मोजून चार नोंदी झाल्या. दुकानाचं शटर अडकलं ती, सासरेबुवांचा मोतीबिंदू काढला ती, पोरीचा निकाल, आणि जूनमधली ही: 'कप्तान येऊन गेली. डोळे तपासून दे म्हणाली. तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली, वर तळाला बारीक अक्षरांत असलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. म्हटलं, बाई, डोळे फर्स्ट क्लास आहेत, दहा वर्षं इकडे फिरकू नकोस. जाताना दाराजवळचा फ्रेमचा स्टँड पाडला. नेहमीची घाई.'

आज पुन्हा पेन हातात घेतलं त्याला कारण बायको. म्हणाली, "नदीवरून आलात की आठ दिवस आमचं डोकं खाता. या वेळी सगळं लिहून काढा, म्हणजे आम्ही सुटलो." ठीक आहे. लिहितो.

आम्ही तिघं. कप्तान, सुतार आणि मी. शाळेपासूनचे. सुतार खरोखरीचा सुतार आहे, आमची वल्ही तोच घडवतो. मी चष्मे विकतो, म्हणून आणि सातवीपासून चष्मा आहे म्हणूनही, कप्तान मला ढापण्या म्हणते. आणि कप्तान म्हणजे कप्तान. पोहण्याच्या तलावावर चोवीस वर्षं तिने गावभरच्या पोरांना पोहायला शिकवलं. वीस वर्षांपूर्वी आम्हा दोघांना कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने बसायच्या चिंचोळ्या होडीत, कोंबून फेसाळत्या नदीत ढकललं तेही तिनेच. दरवर्षी पाऊस संपला की एक शनिवार-रविवार आम्ही डोंगरातल्या त्या नदीवर काढतो. मी भित्रा माणूस आहे हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. लिफ्ट मधेच थांबली तरी मला घाम फुटतो. पण कप्तान पुढे असली की मी त्या पाण्यात बिनधास्त शिरतो.

ऑगस्टपासून ती तलावाच्या कचेरीत बसते. फॉर्म, पावत्या, लॉकरच्या किल्ल्या. बढतीच म्हणायची. तिनेच मागून घेतली म्हणे. "कडेची पोरं मोजताना चुकायला लागले रे," असं म्हणाली होती. मी म्हटलं, पन्नाशी उलटली, आता जरा बसून काम कर.

पुढच्या महिन्यात तलावाचे बारा नवखे याच नदीवर जाणार आहेत आणि त्यांना नेणार कप्तान. त्या बारांत आमची पोरगी आहे. आज फोनवर कप्तानने मधेच विचारलं, "तुझ्या पोरीला मी नेऊ ना? नीट विचार करून सांग." मी हसलो. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मी पोरगी दिली असती का? तसंच सांगितलं. तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. भरून आलं असेल.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

संध्याकाळी सुताराच्या कारखान्यात जमलो. भुशाचा वास, एका कोपऱ्यात अर्धवट कपाट, दुसऱ्या कोपऱ्यात आमच्या तीन कयाक. गाडीच्या टपावर बांधून टाकल्या. दोर आवळताना सुताराचं तोंड चालूच असतं. कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावायच्या रबरी झाकणाला तो परकर म्हणतो आणि दरवर्षी मला विचारतो, "परकर घेतलास का रे?" दरवर्षी त्याला स्वतःलाच हसू येतं. या वर्षी कप्तान हसली नाही.

दोन मानाच्या गोष्टी घडल्या. पहिली, कप्तानने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. वीस वर्षांत तिने कुणाला स्टीअरिंगला हात लावू दिला नव्हता. "मला बाहेर बघत बसायचंय," म्हणाली. दुसरी, तिने माझ्यासाठी नवं हेल्मेट आणलंय. केशरी. इतकं भडक की सुतार म्हणाला, याला चौकात उभा केला तर गाड्या थांबतील. कप्तान म्हणाली, "तू हेच घालायचंस. माझ्यासाठी." मी नको कसं म्हणणार?

फळीला अडखळून ती पडता पडता वाचली. सुताराने फळी वाटेत ठेवली होती, दुसरं काय. त्याला चांगलं सुनावलं मी. तो म्हणाला, "फळी तिथेच असते, तेरा वर्षं झाली."

शनिवार, ११ ऑक्टोबर

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. उन्हं अजून डोंगराच्या माथ्यावर आहेत. अंगाचा एकेक सांधा बोलतोय, पण मन भरलंय.

नदीवर काही ऐकू येत नाही, पाण्याचा आवाजच तेवढा. म्हणून सगळं बोलणं हातांनी आणि वल्ह्याने. वल्हं उभं धरलं की ये. आडवं धरलं की थांब, असशील तिथे थांब. स्वतःच्या डोक्यावर तळवा थोपटला की 'ठीक आहेस का?', आणि समोरच्याने थोपटला की 'ठीक आहे'. आणि एक नियम कप्तानने पहिल्या दिवशी आमच्या टाळक्यात बसवला: धोक्याकडे कधी बोट दाखवायचं नाही. वाटेकडेच दाखवायचं. नवखेपणी मी एकदा शहाणपणा करून सुताराला दगड दाखवला, की बाबा रे तिकडे जाऊ नकोस. त्याला वाटलं मी वाट दाखवतोय. तो नाकासमोर त्या दगडावर गेला. दोन टाके पडले आणि एक वर्ष माझ्याशी धड बोलला नाही. आडव्या वल्ह्याचं तर विचारूच नका. आडवं वल्हं दिसलं की कप्तानचा बापही थांबला असता, असं ती स्वतःच म्हणायची.

आज तिला बघत होतो. दोन दगडांमधून पाणी जिथे काचेसारखं गुळगुळीत होऊन घसरतं, नेमक्या तिथे ती कयाकचं नाक लावते, एकदाच वल्हं मारते, आणि बोट तिचं ऐकते. आम्ही दहा वेळा हात मारतो, ती एकदा. तिला ही नदी तोंडपाठ आहे. कुठल्या दगडाला किती वाकून जायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं. या वर्षी एक नवीनच लकब दिसली. मान सतत फिरत असते तिची. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, पुन्हा डावीकडे. मी सुताराला म्हटलं, बघ, याला म्हणतात सावधपणा. आपण समोर बघतो तेवढंच, ती अख्खी नदी बघते. सुतार म्हणाला, "मान दुखेल तिची." या माणसाला कौतुक म्हणून करता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यानंतर मी तिच्या डाव्या अंगाला दगडाआडच्या शांत पाण्यात थांबलो आणि डोकं थोपटलं. तिचं उत्तर नाही. पुन्हा थोपटलं, नाही. हाताच्या अंतरावर होतो. शेवटी शिट्टी मारली तेव्हा दचकून वळली आणि हसून डोकं थोपटलं. नदीवर ती अशी ध्यान लागल्यासारखी होते. मला हेवा वाटतो. मला तर पाण्यात असताना दुकानाचं कुलूप नीट लागलं का तेच आठवत असतं.

जेवायला खडकावर बसलो. चहा ओतताना तिच्या कोपराने सुताराचा कप उडाला, सगळा चहा त्याच्या मांडीवर. तो ओरडला. ती फार वेळा सॉरी म्हणाली. चहासाठी इतकं कशाला? मग एकदम म्हणाली, "पुढच्या महिन्यात बारा जणं असतील. मला एकटीला जमेल का रे?"

"तुला नाही जमणार तर कुणाला?" मी म्हटलं.

"तू मला ओळखतोस म्हणून म्हणतोस. चष्मेवाला म्हणून विचारते."

"चष्मेवाला म्हणूनच सांगतो. डोळे फर्स्ट क्लास."

तिने मान हलवली आणि खडकावरचे ब्रेडचे तुकडे गोळा करत राहिली. एवढी मोठी बाई, पण आतून किती साधी. आपलं काम आपल्याला येतं हेही तिला दुसऱ्याकडून ऐकावं लागतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

घरी पोचलो. सुताराशी कडाक्याचं भांडण झालंय. क्रमाने लिहितो.

या नदीवरची सगळ्यात मोठी उडी आम्ही 'सासूबाई' म्हणून ओळखतो. नाव सुताराचं. आधी या या म्हणत गोड बोलून आत घेते, मग एकदम उजवीकडे वळवून तीन पायऱ्यांवरून आदळते. तिथे नेहमी सुतार आधी बोटीतून उतरतो, डाव्या काठाने चालत मधल्या पायरीजवळच्या खडकावर जातो आणि दोर-वल्हं घेऊन उभा राहतो, म्हणजे कुणी बुडायला लागलं तर फेकता येईल. मग कप्तान, शेवटी मी.

या वर्षीच्या पुरात तिथे एक अख्खं झाड येऊन अडकलंय. वरून दिसत नाही. सुतार खडकावर पोचला तेव्हा त्याला दिसलं. डाव्या अंगाला, पाण्याच्या वीतभर खाली, फांद्या वर करून. त्याने लगेच वल्हं आडवं धरलं. दोन्ही हातांनी, डोक्यावर. मला वरून स्वच्छ दिसलं. कप्तान तोवर निघाली होती, पण थांबायला जागा होती. उजवीकडे शांत पाणी आहे, तिथे ती हजारदा थांबली आहे.

ती थांबली नाही. सुताराच्या दहा हातांवरून गेली, आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. नजर सरळ समोर, तिच्या ठरलेल्या वाटेवर. पाण्याने डावीकडे ओढलं, बोटीची शेपटी झाडाला लागली आणि बोट उलटली. कयाकचं पांढरं पोट तेवढं दिसत होतं. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. सुताराने दोर फेकला तो रिकाम्या पाण्यावर पडला. सात, आठ. नऊला तिसऱ्या पायरीच्या खाली तिचं वल्हं वर आलं, पाण्यावर आपटलं, आणि बोटीसकट ती गर्रकन सरळ झाली. उलट्या बोटीत बसूनच, त्या फेसात, फांद्यांच्या जाळ्यातून सुटून. अशी बाई मी पाहिली नाही. मला रडू आलं, लिहून टाकतो.

मी काही सासूबाईत शिरलो नाही. आडवं वल्हं ते आडवं वल्हं. कयाक खांद्यावर टाकून काठाने खाली गेलो.

खाली सुतार तिच्यावर पिसाळला होता. "मी थांब म्हणून उभा होतो. तुझाच नियम. वीस वर्षं आमच्या डोक्यावर थापलास तो."

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, जमेल."

"पाहून गेलीस?"

"हो."

"मग मी कशाला उभा राहतो तिथे? शोभेला?" त्याने दोर गुंडाळून बोटीत आपटला. "पुढच्या महिन्यात पोरं असतील मागे. ती काय शिकतील? मी यात नाही. यापुढे तुमच्याबरोबर येणार नाही."

मी कप्तानच्या बाजूने उभा राहिलो. म्हटलं, तुला जे खडकावरून दिसतं त्यापेक्षा तिला बोटीतून जास्त दिसतं. तिने बघितलं, हिशेब केला, आणि निघून दाखवलं. जमलं ना? सुतार माझ्याकडे बघून म्हणाला, "तू गप रे." त्यावर आमचं बरंच झालं. ते लिहीत नाही.

कप्तान हेल्मेटचा पट्टा सोडवत बसली होती, तिला बक्कल उघडेना. मी उघडून दिलं. ती हळूच म्हणाली, "मागे तुझी पोरगी असती तर?"

"तुझ्या मागे असती तर तिला काय होणार होतं?" मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तू फार चांगला आहेस ढापण्या," म्हणाली. "तिथेच घोळ आहे."

मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. उरलेले चार किलोमीटर तिने मला पुढे घातलं. मला. "केशरी हेल्मेट माझ्या नाकासमोर ठेव. इकडेतिकडे जायचं नाही. तू जाशील तशी मी येईन." वीस वर्षांत पहिल्यांदा मी नदी वाचत गेलो आणि कप्तान माझ्या मागून आली, अगदी शेपटीला नाक लावून. मी उजवीकडे तर ती उजवीकडे. मी थांबलो की ती थांबली. शिकवण्याची ही कोणती पद्धत असेल, बघा. ओरडा नाही, सूचना नाही, फक्त विश्वास टाकायचा. माझी छाती अशी फुगली की लाइफ जॅकेटचे बंद ताणले.

परतताना सुतार मागच्या सीटवर डोळे मिटून बसला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुकानाला सुट्टी. सकाळीच सुतार घरी आला, भांडायला नव्हे असं म्हणत भांडला.

"मी रात्रभर विचार केला. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तिला माझं वल्हं दिसलं नाही, नाहीतर दिसून ती गेली. दिसलं नाही म्हणावं तर तू छातीठोक सांगतोस डोळे फर्स्ट क्लास. म्हणजे दिसलं. म्हणजे माज आलाय. आणि माज आलेल्या माणसाच्या मागे मी कुणाचं पोर पाठवणार नाही, तुझंही नाही."

"माज? कप्तानला? शुद्धीवर आहेस का?"

"मग दुसरं काय ते तू सांग."

मी म्हटलं, संध्याकाळी ये, मी डायरीत सगळं लिहिलंय. ते ऐकलंस की तुला कळेल ती काय चीज आहे. तो आला नाही तर त्याच्या घरी जाऊन वाचणार होतो.

दुपारी जेवणं झाल्यावर तालीम म्हणून बायकोला वाचून दाखवायला बसलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शनिवारी दुकानात गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकांचं बोलणं पंधरा वर्षं ऐकतेय. मी रंगात येऊन वाचत होतो. जूनपासून सुरू केलं. छापखान्याचं नाव, फ्रेमचा स्टँड. कडेची पोरं मोजताना चुकणं. गाडीची किल्ली. फळी. मान फिरवणं. हाताच्या अंतरावरून डोकं थोपटलं तरी उत्तर नाही. चहाचा कप. तिथवर आलो तेव्हा बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अहो, तुम्ही हे मैत्रिणीबद्दल वाचताय की पेशंटबद्दल?"

"म्हणजे?"

"म्हणजे हेच सगळं कुणाच्या सुनेने येऊन सांगितलं असतं, की आमच्या सासूबाई पेपर घडाघडा वाचतात पण चौकटीला धडकतात, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. चष्मा विकला नसता. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. वर्षाला दोन-तीन माणसं मी अशी पाठवतो. समोरचं अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि बाजूची नजर गुपचूप गळत जाते, माणसालाही पत्ता लागत नाही. तक्ता वाचून ते कधीच कळत नाही. हे मी दुकानात बसून इतरांना समजावतो.

पुढची पानं मी मनातच वाचली. सगळं मीच लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात. तिने तीनदा विचारलं होतं, पोरीला नेऊ का, आणि तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

सुताराला फोन केला. म्हटलं, दोनपैकी पहिली गोष्ट. तो म्हणाला, "मी तिला काय काय बोललो रे." मी म्हटलं, तू निदान चिडलास तरी. मी टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुकान उघडायच्या आधी तिला बोलावलं. शटर अर्धंच वर केलं होतं. तिला वाकून आत यावं लागलं, आणि फ्रेमचा स्टँड मी आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. तिने रिकाम्या जागेकडे बघितलं.

तिला खुर्चीत बसवलं, मी समोर स्टुलावर, गुडघ्याला गुडघा.

"एक डोळा झाक. उजवा. आणि माझ्या नाकाकडे बघ, नाकावरून नजर हलवायची नाही."

"तुझ्या नाकाकडे बघवत नाही रे."

"सवय कर. मी बाजूने बोट हलवत आणीन. हलताना दिसलं की 'हं' म्हण."

डावीकडून बोट आणायला सुरुवात केली. खांद्याच्या रेषेत. मग थोडं पुढे. आणखी पुढे. ती माझ्या नाकाकडे बघत शांत बसली होती. बोट तिच्या गालाच्या पुढे आलं. बोट हलवतच होतो.

"सुरू कर ना," ती म्हणाली.

बोट जवळजवळ माझ्या नाकाशी आलं तेव्हा ती "हं" म्हणाली, आणि माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. उजवा डोळा तपासला. तो बरा आहे, पण तोही पूर्ण नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. जूनमध्येही दोन मिनिटंच लागली असती.

"तू मला सांगायचंस तरी, धडकतेस म्हणून," मी म्हटलं. आवाज नको इतका चढला.

"तेच सांगायला आले होते जूनमध्ये. मी शेवटची ओळ वाचली आणि तू असा खूश झालास, जसा काही तुझाच नंबर आला. म्हटलं, हा म्हणतोय तर ठीकच असेल. वय झालं असेल." ती हसली. "तू ओळी दाखवल्यास, मी ओळी वाचल्या. दोघंही पास."

"आणि परवा? सुताराचं वल्हं?"

"कसलं वल्हं? तो ओरडायला लागला तेव्हा कळलं की तो तिथे उभा होता." तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "पाहिलं नाही असं म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं. तिथे, नदीवर. मला तेवढा धीर झाला नाही. मी खोटं बोलले. चार किलोमीटर तुझं हेल्मेट बघत आले, ते एवढ्यासाठी की घरी आले की तुला सांगायचं, पोरीला नेणार नाही. काल दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते."

मी तिची माफी मागितली. नीट, शब्दांत. तिने ऐकून घेतली, उडवून लावली नाही. याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मला रोगाचं नाव सांगायचं होतं, गेलेली नजर परत येत नाही हेही सांगायचं होतं, ते जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "परवा सकाळी नऊला, डोळ्यांच्या हॉस्पिटलात. वेळ घेतली आहे. मी बरोबर येतोय."

ती शटरखालून वाकून बाहेर पडली आणि परत आत डोकावली. "दगड नाही दाखवलास. वाट दाखवलीस. वीस वर्षांनी का होईना, शिकलास."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काचबिंदू. डावा पुष्कळ गेला आहे, उजवा पाऊण शाबूत आहे. थेंब आजपासून, आयुष्यभर. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढं जपता येईल, बहुतेक सगळं. मी विचारलं, चार महिने आधी आली असती तर? ते म्हणाले, थोडं जास्त उरलं असतं. कप्तान शेजारीच होती. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे पुरे.

बारा नवख्यांना सुतार नेणार. ते तिनेच ठरवून टाकलं, त्याला न विचारता. पुढचे तीन शनिवार ती त्याला नदीवर तयार करणार आहे, स्वतः काठावर उभी राहून, आणि पोरं जातील तेव्हाही काठावर असेल. झाड तोवर कापून काढायचं. कयाक ती सोडणार नाही, पण यापुढे मधे राहील, पुढे केशरी हेल्मेट आणि मागे एक माणूस. "नदी मला पाठ आहे," म्हणाली, "नदीला मी पाठ नाही. झाडाने तेच सांगितलं." पोरीला संध्याकाळी सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, कप्तान मावशी काठावर असणार ना, मग चालेल.

एक गोष्ट राहिली. नजरेची मोठी तपासणी कॉरिडॉरच्या पार टोकाच्या खोलीत होती. नाव पुकारलं आणि ती बाकावरून उठेचना. सासूबाईत बेधडक शिरणारी बाई, पर्स मांडीवर धरून बसून राहिली. "मला भीती वाटतेय रे," म्हणाली. मी शेजारी बसून तिची फाइल चाळत राहिलो.

तेवढ्यात टोकाला काहीतरी गडबड झाली. रखवालदार कुणाशी तरी वाद घालत होता, हे आत नेता येणार नाही म्हणून. सुतार होता. कामाच्या कपड्यांत, केसांत भुसा, आणि हातात तिच्यासाठी घडवलेलं नवं वल्हं. पात्याला वरपासून खालपर्यंत भडक केशरी रंग मारला होता. बहुधा ओलाच असावा, कारण रखवालदार स्वतःची बाही तपासत होता. सुतार त्याला बाजूला सारून कॉरिडॉरच्या बरोबर मधोमध आला, तिच्या अगदी समोर, आणि वल्हं सरळ उभं धरलं.

कप्तानने बघितलं. सगळी माणसं बघत होती. तिने पर्स माझ्या हातात दिली, उठली, आणि डोक्यावर तळवा थोपटला.

"दिसतंय रे गाढवा," ती म्हणाली, "इतकं उंच नको धरूस, ट्यूबलाइट फोडशील."

आणि चालायला लागली, सरळ त्याच्याकडे. मी तिच्या डाव्या बाजूला झालो. डावीकडची बाकं, औषधांची ढकलगाडी, मधेच पाय पसरून बसलेले लोक, ते सगळं मी बघत होतो.